भरलेलें कपाट

हांवेविषयीं मनुष्यजातीनें जितकें लिहून ठेविलें आहे, तितकें दुसऱ्या कोणत्या विकाराविषयीं क्वचितच लिहिलें असेल. संतांनीं तिची निंदा केली, अर्थशास्त्रज्ञांनीं तिच्यावर एक शास्त्र उभारलें. परंतु हांव पुरी झाल्यावर माणूस काय करतो, हा प्रश्न फारसा कोणीं विचारलेला आम्हांस दिसत नाहीं. कारण उघड आहे. ती पुरी होते यावरच कोणाचा विश्वास नसतो.

आमच्यापुरतें बोलावयाचें तर आम्ही पुस्तकें जमविणारे. पुस्तकवाल्याच्या भिंती संपतात, पुस्तकें संपत नाहींत. त्यामुळें 'आमचा संग्रह पुरा झाला' हें वाक्य आमच्या तोंडून आजवर निघालें नाहीं व पुढें निघण्याचा संभवहि नाहीं. म्हणूनच ज्यांच्या तोंडून तें निघतें त्यांच्याविषयीं आम्हांस मोठें कुतूहल वाटतें. असे लोक आम्हांस भेटले ते बंदुका बाळगणाऱ्यांत, हा एक योगच म्हणावयाचा. कारण आम्हीं जन्मांत एकदांहि बंदूक उडविलेली नाहीं. कॉलेजांतील सैनिकी पथकाची कवाईत आम्हीं पाहिली तीहि व्हरांड्यांतून, हातांत चहाचा पेला घेऊन.

आमचा एक जुना विद्यार्थी पंचवीसएक वर्षें अमेरिकेंत ओहायो राज्यांत आहे. अकरावींत आम्हीं त्याला इंग्रजी शिकविलें; पुढें तो यंत्रविद्येकडे वळला आणि तेंच योग्य झालें. तिकडे गेल्यावर त्याला जुन्या रायफलींचा नाद लागला. शिकारीसाठीं नव्हे, त्यानें अद्याप ससाहि मारलेला नाहीं. त्याला ओढ लागली ती यंत्राची. विंचेस्टर कंपनीच्या रायफलींत चापाभोंवतीं एक कडी असते. ती खालीं ढकलून परत वर घेतली कीं रिकामें काडतूस बाहेर पडतें आणि भरलेलें नळींत जाऊन बसतें. ही एवढीशी हालचाल कारागिरांनीं सुमारें तीस वर्षांत कशी सुधारीत नेली, हें त्याला हातांत धरून पाहावयाचें होतें. म्हणून त्यानें आरंभींच मर्यादा घातली: १८६६, १८७३, १८७६, १८८६, १८९२, १८९४ आणि १८९५ या सालांच्या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या सात रायफली, आठवी नाहीं. पहिलीची चौकट पितळी रंगाच्या धातूची आहे. शेवटच्या चार जॉन ब्राउनिंग या असामान्य कारागिराच्या डोक्यांतून निघाल्या. सात जमविण्यास त्याला चौदा वर्षें लागलीं.

सातवी मिळाली तेव्हां त्याचें आम्हांस पत्र आलें. त्यानें लिहिलें होतें, "सर, कपाट सातांचेंच करून घेतलें होतें, तें आतां भरलें. पहिल्या रात्रीं फार बरें वाटलें. दुसऱ्या दिवशीं कामावरून घरीं आलों, जेवलों, आणि लक्षांत आलें कीं लिलावांच्या याद्या चाळण्याचें काम आतां उरलेलें नाहीं. मग काय करावें तें सुचेना. तुम्ही काय कराल?" आम्हीं उत्तरीं कळविलें कीं या बाबतींत आम्हांस अनुभव नाहीं, पण त्याच्यासारखे इतर लोक काय करतात तें त्यानें आम्हांस कळवीत जावें. पुढें कित्येक वर्षें तो कळवीत गेला, आणि आम्हीहि आमच्या संवयीप्रमाणें त्या विषयावरील पुस्तकें वाचीत गेलों. प्रस्तुत निबंध हें त्या पत्रव्यवहाराचें फळ आहे.

बहुतेक लोक करतात तें अगदीं सोपें आहे. ते कुंपण थोडें पुढें सरकवितात. सात रायफली झाल्या, तर त्यांच्याच आंखूड नळीच्या सात आहेत. त्या झाल्या, तर त्यांच्या काडतुसांचीं मूळचीं खोकीं आहेत, कारखान्याचीं जुनीं सूचीपत्रें आहेत. कायदाहि या कामीं मदतीस येतो. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानें जुन्या बंदुकांविषयीं दोन रेघा आंखल्या. १८९८ त किंवा त्यापूर्वीं घडविलेली बंदूक 'पुराणवस्तु' ठरते. ही रेघ पक्की आहे. आज कोणीहि कितीहि थांबला तरी १८९९ सालची बंदूक त्या वर्गांत जावयाची नाहीं. दुसरी रेघ मात्र चालती आहे. जिला पन्नास वर्षें पुरीं झालीं ती बंदूक 'संग्राह्य वस्तु' होते, आणि अशा वस्तूंसाठीं संग्राहकांस निराळा परवानाहि मिळतो. १९७० सालची बंदूक २०२० त संग्राह्य झाली. म्हणजे ज्याची हांव संपली असेल त्याच्या दारांत काळ स्वतः दर वर्षीं नवा माल आणून टाकतो. हांवेस एवढी सरकारी सोय क्वचितच लाभली असेल!

आणि एखाद्यानें कुंपण हलविलें नाहीं तरी कुंपणाच्या आंतच एखादी जागा अशी निघते कीं ती कधीं भरूं नये. १८७५ त विंचेस्टर कंपनीनें जाहीर केलें कीं तपासणींत ज्या नळ्या विशेष अचूक ठरतील त्यांच्या रायफलींवर 'हजारांत एक' अशीं अक्षरें कोरलीं जातील आणि त्यांची किंमत १०० डॉलर राहील. १८७३ च्या नमुन्यांत अशा सुमारें १३० च निघाल्या. १९५० त त्या रायफलीवर एक चित्रपट निघाला, तेव्हां चित्रपट कंपनीनें जाहिरात देऊन उरलेल्या 'हजारांत एक' कोणाकडे आहेत याचा शोध चालविला होता. आमच्या विद्यार्थ्याकडे १८७३ ची आहे, पण ती हजारांतील बाकीच्या ९९९ पैकीं. 'मग तुझा संग्रह पुरा कसा?' असें आम्हीं त्याला मुद्दाम टोंचून विचारलें. तो म्हणाला, "सर, मला त्या यंत्राची रीति पाहावयाची होती. ती दोघींतहि एकच आहे." हें उत्तर आम्हांस फार आवडलें. आपण काय जमवीत होतों हें ज्याला ठाऊक असतें, त्यालाच संग्रह पुरा झाल्याचें कळतें. ज्याला तें ठाऊक नसतें त्याची केवळ खरेदी चाललेली असते.

दुसरा उपाय छाटणीचा. पंधरा वर्षांपूर्वीं उत्साहाच्या भरांत घेतलेल्या तीन मध्यम प्रतीच्या बंदुका विकावयाच्या आणि त्या पैशांत एक उत्तम घ्यावयाची. कांहीं जण असें करीत करीत शेवटीं तीनचारांवर येतात, आणि आश्चर्य असें कीं त्यांना आपण गरीब झाल्यासारखें वाटत नाहीं. आंब्याचा मोहोर सगळाच धरत नाहीं, हें आपल्याकडच्या बागायतदारास सांगावें लागत नाहीं; संग्राहकास मात्र तें शिकण्यास अर्धें आयुष्य लागतें.

तिसरा मार्ग आम्हांस सर्वांत सुज्ञ वाटतो. जें आहे त्याची ओळख करून घ्यावयाची. वायोमिंगमध्यें कोडी या गांवीं जें संग्रहालय आहे तेथें विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या वह्या जपून ठेविल्या आहेत. रायफलीवरचा क्रमांक कळविला आणि त्या क्रमांकाची नोंद शिल्लक असली, तर ती कोणत्या दिवशीं वखारींतून बाहेर पडली, तिची नळी गोल होती कीं अष्टकोनी, हें पत्रानें कळतें. आमच्या विद्यार्थ्यानें सातांचींहि पत्रें मागविलीं. एकीच्या नोंदींत असें निघालें कीं ती विकली गेल्यावर दोन वर्षांनीं दुरुस्तीस परत आली होती. कोणाच्या हातून काय मोडलें तें त्या वहींत नाहीं. पण चौदा वर्षांच्या खरेदीपेक्षां त्या एका ओळीनें त्याला अधिक विचार करावयास लाविलें. त्याच्या कपाटांत येण्यापूर्वीं त्या रायफलीला शंभर वर्षांचें आयुष्य होतें, आणि त्याच्यानंतरहि तें असणार होतें.

ओळख करून घेणें म्हणजे निगा राखणें हेंहि आलेंच. बंदुकीला बोटाचा घाम चालत नाहीं. त्यांतील क्षारानें पोलादावर बोटाचाच ठसा गंजून उठतो. म्हणून हात लावला कीं तेलाच्या फडक्यानें पुसावें लागतें. कातड्याचें म्यान दिसावयास सुंदर, पण तें ओल धरून ठेवतें आणि आंतल्या आंत बंदूक खातें. रविवारीं सकाळीं एक एक काढावी, पुसावी, महिन्यांतून एकदां निशाणाच्या मैदानावर न्यावी, रिकामीं काडतुसें वेंचून आणून घरीं पुन्हां भरावीं, असा त्याचा क्रम ठरला. त्याच्या पत्रांतील तो रिकामेपणाचा सूर हळूहळू गेला.

चौथा मार्ग मोठ्या संग्राहकांचा. ओक्लाहोमांत क्लेअरमोर गांवीं जे. एम्. डेव्हिस नांवाचे एक हॉटेलवाले होते. ते सात वर्षांचे असतांना औषध घेईनात म्हणून वडिलांनीं त्यांना एक बंदूक देऊं केली, आणि तेथून हा नाद सुरू झाला, अशी त्यांची कथा सांगतात. पुढें त्यांच्या हॉटेलच्या भिंती हजारों बंदुकांनीं भरून गेल्या. १९६५ त त्यांनीं सगळा संग्रह एका विश्वस्त संस्थेच्या नांवें केला, राज्य सरकारनें तो सांभाळण्याचें पत्करलें आणि १९६९ त त्याचें संग्रहालय उघडलें. लंडनच्या सर रिचर्ड वॉलेस यांची गोष्ट याहून चमत्कारिक. त्यांनीं १८७१ च्या सुमारास जुनीं चिलखतें, तलवारी, बंदुका यांचे मोठे संग्रहच्या संग्रह विकत घेतले. त्यांच्या पश्चात् त्यांच्या विधवा पत्नीनें १८९७ त मृत्युपत्रानें सगळा ठेवा राष्ट्रास दिला, पण अट अशी घातली कीं तो सदैव एकत्र राहावा आणि त्यांत दुसऱ्या वस्तूंची मिसळ होऊं नये. १९०० त तें संग्रहालय लोकांस खुलें झालें. त्यांतील वस्तु तात्पुरत्या बाहेर पाठविण्यास २०१९ पर्यंत मुभा नव्हती, आणि कायमची भर तर आजहि पडत नाहीं. जगांत 'पुरा झाला' असें ज्याच्याविषयीं निःशंकपणें म्हणतां येईल असा हा एक संग्रह. पण तो पुरा झाला तो मालक गेल्यावर, हें विसरतां कामा नये.

येथवर ज्यांच्या गोष्टी सांगितल्या त्यांनीं आपल्या संग्रहाची सीमा आपणच ठरविली होती. आपल्या देशांत ती सरकार ठरवितें. १९५९ च्या शस्त्रकायद्यांत १९८३ त दुरुस्ती होऊन सामान्य परवानेदारास तीन बंदुकांची मर्यादा पडली. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनें ती दोनांवर आली, आणि ज्यांच्याकडे तीन होत्या त्यांनीं एका वर्षाच्या आंत तिसरी पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी असें ठरलें. म्हणजे आपल्याकडे दोन बंदुका झाल्या कीं संग्रह पुरा! हा कायदा योग्य कीं अयोग्य हा वाद आम्ही येथें करीत नाहीं. आम्हांस सांगावयाची आहे ती आमच्या कोंकणांतील एका स्नेह्यांची हकीकत.

त्यांच्याकडे तीनच होत्या. पहिली आजोबांची ठासणीची: नळीच्या तोंडांतून दारू ओतावी, वर चिंधी, वर छर्रे, गजानें ठासावें, टोपी चढवावी आणि तेवढ्या वेळांत रानडुकरानें शेत खाऊन निघून जावें, अशी ती. दुसरी वडिलांची दुनळी. तिसरी रायफल, त्यांनीं स्वतः तरुणपणीं पैसे सांठवून घेतलेली. तिघींत तीच नवी, तीच अचूक, आणि विकली असती तर पैसे आले असते तेहि तिचेच. कायदा झाल्यावर आम्ही त्यांच्याकडे गेलों होतों. रायफल जमा झालेली होती. आम्ही चकित होऊन म्हणालों, "अहो, सर्वांत चांगली ती दिली, आणि जी दसऱ्याखेरीज खुंटीवरून निघत नाहीं ती ठेविली?"

ते म्हणाले, "प्रोफेसर, रायफल माझी होती, म्हणून मला देतां आली. या दोन माझ्या नव्हेतच. मी त्या राखतों आहें."

वहिनींनीं आंतून भर घातली, "आणि राखून देणार कोणाला? चिरंजीव पुण्यांत चौथ्या मजल्यावर राहतात. त्यांना परवाना काढावयास सवड नाहीं आणि दारांत डुक्कर येत नाहीं."

यावर आमचे स्नेही नुसते हंसले. पण तें हंसणें कांहीं फार मनापासूनचें नव्हतें. वारसास बंदूक आपोआप मिळत नाहीं. त्याच्या नांवानें परवाना व्हावा लागतो. झाला नाहीं तर आजोबांची ती ठासणीची एक दिवस ठाण्याच्या कोठींत क्रमांकाची चिठी लावून पडेल. दसऱ्यास ते तिला झेंडूची माळ घालतात आणि आपट्याचें पान ठेवतात, तेव्हां त्यांच्या मनांत काय येत असेल याची आम्हांस कल्पना करवते. तरी एक गोष्ट खरी. तिघींतून एक सोडावयाची वेळ आली नसती, तर आपलें काय आणि आपल्याकडे ठेवावयास दिलेलें काय, हा भेद त्यांना कधींच इतका स्वच्छ दिसला नसता. संग्रह घेण्यानें वाढतो. कळतो तो सोडण्यानें.

आतां जें सांगावयाचें तें थोडें जड आहे. पुस्तकें कितीहि भरलीं तरीं तीं कोणाचा जीव घेत नाहींत. फार तर फळी मोडून अंगावर पडतील. बंदुकीचें तसें नाहीं. ती शंभर वर्षें कांचेआड राहिली तरी ज्या कामासाठीं घडविली तें काम विसरत नाहीं. अमेरिकेंत बंदुकीनें जे मृत्यु होतात त्यांपैकीं निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. वय झालेला, एकटा राहिलेला, ज्याची धांवपळ संपली आहे असा माणूस आणि त्याचें भरलेलें कपाट, हें चित्र तेथील सुज्ञ बंदूकवाल्यांना चांगलें परिचित आहे. म्हणून त्यांच्यांत एक रीत पडत चालली आहे. घरावर दुःखाचा प्रसंग आला, मन थाऱ्यावर नसलें, म्हणजे बंदुका कांहीं काळ मित्राकडे किंवा दुकानदाराकडे ठेवावयाच्या. तिचा गाजावाजा होत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्याची पत्नी तीन वर्षांपूर्वीं आजारानें वारली. मुलगी शिक्षणासाठीं दूरच्या शहरीं होती. तेराव्याचे विधी तिकडे जमतील तसे आटोपले, आलेली मंडळी परत गेली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें शेजारच्या वृद्ध गृहस्थांना बोलाविलें. ते निवृत्त शिक्षक, जुने शिकारी. त्यानें एवढेंच म्हटलें कीं या थोडे दिवस तुमच्याकडे राहूं द्या. त्यांनीं कां म्हणून विचारलें नाहीं. दोघांनीं मिळून सातहि रायफली कापडांत गुंडाळल्या आणि त्यांनीं त्या आपल्या तिजोरींत नेल्या. आठ महिन्यांनीं त्यानें त्या परत आणिल्या. प्रत्येकीला तेल लाविलेलें होतें.

हें त्यानें आम्हांस पुष्कळ दिवसांनीं, येथें आला असतां, समोर बसून सांगितलें. आम्हीं विचारलें, "अरे, तुला स्वतःची भीति वाटली काय?"

थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "भीति म्हणून नाहीं, सर. पण कपाट भरलेलें होतें आणि घर रिकामें होतें. दोन्ही एके ठिकाणीं नकोत असें वाटलें."

आम्हीं पस्तीस वर्षें विद्यार्थ्यांस वाङ्मय शिकविलें. त्यांतील कोणत्या धड्यानें हें शहाणपण येतें तें आम्हांस सांगतां येणार नाहीं. आम्ही गप्प बसलों.

संग्रह पुरा झाला म्हणजे काय, या प्रश्नाचें आम्हांस सुचणारें उत्तर असें आहे. जोंवर एखादी जागा रिकामी असते तोंवर माणूस त्या वस्तूंचा मालक असतो, आणि मालकाची नजर नेहमीं नसलेल्या वस्तूकडे असते. शेवटची जागा भरली कीं त्याला प्रथमच असलेल्या वस्तूंकडे पाहावें लागतें, आणि मग त्याच्या ध्यानांत येतें कीं या सर्व आपल्याहून अधिक वर्षें टिकणार आहेत. तेथून पुढें तो राखणदार होतो. ज्यांना हा पालट सोसत नाहीं ते कुंपण हलवितात. ज्यांना सोसतो ते तेल घालतात, नोंदी करतात, आणि किल्ली कोणाकडे असावी याचा विचार करतात. खरेदी कोणालाहि जमते. आपली किल्ली आपल्या हातांत केव्हां नसावी हें वेळेवर ओळखणें ही राखणदारीची परीक्षा आहे.

आमच्या विद्यार्थ्यानें आतां एक वही केली आहे. तींत प्रत्येक रायफलीचा क्रमांक, तिची कोडीहून आलेली हकीकत, आणि आपल्या पश्चात् कोणास बोलवावें तें लिहून ठेविलें आहे. मुलीला सातांपैकीं एकच हवी आहे, १८९४ ची; लहानपणीं बाबांबरोबर मैदानावर गेली असतां तिनें ती उडविली होती. बाकीच्या सहा तिच्या संमतीनें लिलावांत जातील, आणि कोणा सहा अनोळखी माणसांच्या कपाटांतल्या सहा रिकाम्या जागा भरतील. तें सांगतांना त्याच्या चेहऱ्यावर आम्हांस खेद दिसला नाहीं. उलट, ज्यांच्याकडे त्या जातील त्यांनीं कातड्याचें म्यान वापरूं नये, एवढी सूचना वहींत जाड अक्षरांत लिहिल्याचें त्यानें आवर्जून सांगितलें.